स्टुडिओतली बाई

माय, तुला पुसून टाकायला निघालेत लोक, आणि माझं डोकं सणकलं आहे. मेलेल्या बाईला आणखी काय पुसणार, असं तू म्हणशील. ऐक तर.

कॉलेजात असताना मी एका विलायती रॉक बँडपायी वेडा झालो होतो. त्यांनी स्टुडिओत गाऊन पाहिलेली, मग बाजूला टाकलेली, बाजारात कधीच न आलेली गाणी चोरून बाहेर यायची आणि माझ्यासारखे येडे ती एकमेकांकडून उतरवून घ्यायचे. गोंदियात पाहुणा आलेल्या एका नागपूरकराकडे तशी कॅसेट होती. संध्याकाळच्या गाडीने तो परत जाणार, म्हणून दुपारपुरतीच मिळाली. तार जोडायची सोय नव्हती. भजनी मंडळाचा टेप मागून आणला, आपल्या टेपसमोर तोंडाला तोंड लावून ठेवला, मुर्री गावातल्या आपल्या घरातला पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या आणि तुला बजावलं, चकार शब्द काढू नकोस. तू तरी किती वेळ गप्प बसशील? गाणं ऐन रंगात, आणि स्वयंपाकघरातून लाखोरीच्या डाळीची फोडणी चर्रकन वाजते, पाठोपाठ तुझी हाक येते, ‘‘बाबू, जेवाले ये! भात थंडा होऊन राहिला!’’ मी आत येऊन डोकं धरून बसलो, तर तू मलाच झापलंस. ‘‘त्या गोऱ्या लोकायले भूक नाही लागत काय? आन् गाणं काऊन अर्धं अर्धंच म्हणून रायले? पाठ नाही होत, तं म्हणतेत कायले?’’

पुन्हा उतरवायला वेळ नव्हता. तिचीच एक नक्कल काढून मी टपालाने कलकत्त्याला एकाला पाठवली, बदल्यात दुसरी कॅसेट मिळवली. तुझी हाक तशीच पुढे गेली.

माझी स्वतःची कॅसेट मात्र तूच घालवलीस, आणि त्याचा राग मला अजून आहे. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरते असं मी म्हणालो, तर तू मला न विचारता सगळ्या नेऊन धान साठवायच्या ढोलीत ठेवल्यास, वर कडुनिंबाचा पाला. ‘‘बियाणं टिकते, तं हे नाही टिकन काय?’’ फीत कोंड्याने अशी खरवडली की तिच्यातून नुसती खरखर यायची. म्हणजे तू गेल्यावर तुझा आवाज घरात कुठेच उरला नाही. फोटो तेवढा आहे, त्यातही तू तोंड मिटून बसली आहेस.

आणि आता इतक्या वर्षांनी इंटरनेटवर, असल्या कॅसेटी जमवणाऱ्यांच्या एका मंडळात, तू! फोडणीवरूनच ओळखलं मी. तिथे तुझ्यावर वाद चालू आहेत. कोणी म्हणतं ती स्टुडिओतली स्वयंपाकीण, कोणी म्हणतं गिटारवाल्याची मैत्रीण, एक शहाणा म्हणतो बँडने गुपचूप बोलावलेली भारतीय गायिका. खरखरीमुळे भाषा कोणालाच ओळखता येत नाही. इथवर मला हसू येत होतं. मग एकाने कॉम्प्युटरवर तुला आणि फोडणीला धुऊन काढलं, त्याला ‘शुद्ध प्रत’ म्हटलं, आणि बाकीच्या प्रती सगळ्यांनी टाकून द्याव्यात असा आग्रह धरला. अरे, त्या गोऱ्यांचं खोकणं, शिव्या, खुर्च्या सरकवणं तुम्ही देवाच्या टाकांसारखं जपता, आणि माझी माय कचरा? मी प्रत उतरवून घेतली आहे, तू आता माझ्याजवळ आहेस. पण तुला कोणी कचरा म्हणावं, हे मला सहन होत नाही.

शेवटी मंडळात ठरलं की बाई स्टुडिओतलीच असेल तर राहील, बाहेरचा गोंगाट असेल तर जाईल. ही प्रत कुठून आली, कोणाला ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. ठाऊक असलेला जगात मी एकटा. बनावट प्रती खपवणाऱ्यांशी मी जन्मभर भांडत आलो, त्यामुळे खरं उत्तर लगेच लिहून काढलं. मुर्री, फोडणी, भात, सगळं. ते त्यांना पाठवलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी तुला काढून टाकलं असतं.

म्हणून ते पाठवलं नाही. हे पत्रही कुठे पाठवायचं नाही. त्यांना मी एवढंच कळवलं, की बाई स्टुडिओतलीच आहे, मी खात्रीने सांगतो.