कोरी टेप

पालम,
१४ नोव्हेंबर १९७६

चि. रंगनाथ,
सप्रेम जयभीम.

इकडं सगळं ठीक. थंडीत मायचा गुडघा धरतो, पण एस.टी.च्या थांब्यापर्यंत जाऊन चार जणींशी भांडून येते, म्हणजे तब्येत उत्तम समज.

जिनिव्हाच्या तुझ्या संस्थेत जपानी, इथिओपियाचे, ब्राझीलचे, सगळे इंग्रजीतच कामकाज करतात आणि ती बहुतेकांच्या घरची नाही, हे वाचून येलदरीचं धरण आठवलं. मद्रासी आणि पंजाबी साहेब इंग्रजीत बोलायचे, आणि माय डोक्यावर घमेलं तसंच धरून ऐकत उभी राहायची. मुकादम ओरडायचा. संध्याकाळी चुलीपुढं म्हणायची, "दोघंबी तिसऱ्याचंच बोलायलेत, म्हनून कुनी कुनाला हसंना. आपल्या रंगूला हेच शिकवू." काय दिवस होते रे! तू भाकरी खाता खाता इंग्रजी पाठ करायचास आणि माय समजल्यासारखी मान हलवायची.

तुझी बायको सिंहली, तू मराठी. घरात इंग्रजी आली ते पटतं. पण पुढं तू लिहिलंस, 'शाळेत माझ्या बोलण्यावरून माझी वस्ती ओळखून हसायचे. इथं कुणी ओळखत नाही. छोट्या सुजाताच्या कानावर ती बोली नकोच.' रंगनाथ, मलाही हसले होते. तरी शाळेत शिकवते ती मराठी मी घरी येताना चपलांबरोबर दाराबाहेर काढते.

पत्र मी मायला मोठ्यानं वाचून दाखवत होते. मधेच थांबता आलं नाही.

तू पाठवलेल्या टेपरेकॉर्डरवर नातीसाठी बोल म्हटलं, तर माय गप्प. कोंबड्यांशीसुद्धा दिवसभर बोलणारी बाई! मग म्हणाली, "सुमे, तू मास्तरनीवानी बोलून दाव. मी तसंच म्हनते. पोरीला कुनी हसाया नको." मी सांगितलेलं वाक्य तिनं घोकलं. टेप लावली आणि तिनं पदरानं तोंडच झाकलं. मला रडू आलं. "माय, तुझ्यावानी बोल की!" म्हणून ओरडले, तर म्हणते, "रंगूला लाज वाटंल."

मी म्हटलं, नाही वाटणार. तिला ते खरं वाटलेलं नाही.

म्हणून टेप पाठवत नाही. आधी तू एक भरून पाठव. इंग्रजी नको, माझ्या शाळेतली मराठीही नको. मायशी चुलीपुढं बोलायचास तसं बोल, आणि बोलताना सुजाताला मांडीवर घे. ते ऐकल्याशिवाय माय नातीशी एक शब्द बोलणार नाही.

घरी अजून मायसारखंच बोलणारी,
तुझी
सुमनआक्का