दारातला पांढरा कुत्रा

रेडमंड,
५ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ही ईमेल. शनिवारी नातीबरोबर, म्हणजे अनिकाबरोबर, एका डोंगराचं शिखर गाठलं. वर झाड नाही, नुसतं गवत. उन्हाळाभर मेंढ्या तिथे चरायला आणतात, आणि अगदी माथ्यावर जुन्या मेंढपाळांनी रचलेला दगडांचा ढीग आहे. गुडघे कुरकुरले, पण वहिनीला सांग, पोचले!

उतरताना कुरणात एक थोराड पांढरा कुत्रा एकटाच दिसला. मेंढ्या लांब पलीकडच्या उतारावर, माणूस कुणी नाही. अनिकाचं म्हणणं पडलं, की त्याला कुणीतरी अबॅन्डन केलंय. मी तूप-पोळीची गुंडाळी दिली, तर स्वारी थेट गाडीपर्यंत आली. मग घरीच आणला. हे गेल्यापासून माझी वाट बघणारं कुणी नव्हतं रे. आता हा दारातून हलत नाही.

तुमची माया आहेच, ती अशीच असू द्या.
वीणा

ट्रॉय,
६ ऑगस्ट

चि. वीणास अनेक आशीर्वाद.

वाचून कपाळाला हात लावला. माझी पहिली नोकरी आयडाहोत होती, तेव्हा मेंढपाळ माझे पेशंट होते. अगं, तो कुत्रा हरवला नव्हता, ड्यूटीवर होता! अशा कुत्र्यांना पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढवतात. रात्री कायोटी, म्हणजे इकडचे रानकोल्हे, आले की कळप हे कुत्रेच राखतात. तू पहारेकरीच पळवलास, तोही तूप-पोळीवर.

रागावू नकोस, पण दारात तो तुझी वाट बघत नाहीये. दार उघडायची वाट बघतोय. उद्याच नेऊन सोड.

वहिनीकडून शिखराबद्दल शाबासकी. जिवाला जप, हेच मागणं.
बाळदादा

रेडमंड,
८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल सोडून आले. कुरणाच्या कडेला दोरी काढली, तसा सुसाट निघाला. मी हाका मारल्या, त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मेंढ्या त्याच्याभोवती गोळा झाल्या.

मेंढपाळ भेटला. मधल्या रात्रींत कायोटींनी दोन कोकरं नेली म्हणाला. मी सॉरी म्हणाले. त्यानं मान हलवली आणि कळपाकडे गेला.

घरी येऊन मी खूप रडले. कोकरांसाठी, आणि खरं सांगते, स्वतःसाठीही. मुलांना मी छान चाललंय म्हणून सांगते. छान चाललेलं नाही, दादा. एकटीनं राहणं मला जमत नाहीये.

तू आणि वहिनी थोडे दिवस राहायला या. कधी येता तेवढंच कळव.

तुझी,
वीणा