कपाटाच्या खिडकीचा तिसरा पडदा

सगळ्यांत आधी आला तो सलूनवाला. काल रविवारची दुपार, माझी भांडीसुद्धा आवरून झाली नव्हती हो विहीणबाई, आणि हा दारात. आत आला तो थेट माझ्या शिवणाच्या खुर्चीत बसला. उशीला टाचण्या खोचलेल्या आहेत हे मी सांगणार, तोवर त्याला समजलंच. मागोमाग दातांचे डॉक्टर आले, त्यांनी बसण्याआधी खुर्ची तपासली. (शिकलेल्या माणसाचं असं असतं.) मग वरून तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावई, खाली उतरले... पण बघा, नमस्कार राहिलाच! तर तुम्हाला नमस्कार, व्याह्यांना नमस्कार, तुमचा खोकला गेला असेल आणि व्याही आता जिना चढताना मध्ये थांबत नसतील अशी आशा करते. इकडे मुलगी बरी, जावई बरे, मीही खाऊन-पिऊन बरी. जिवाचं म्हणाल तर तो कालपासून टांगणीला लागलाय. रात्री भीतीने डोळ्याला डोळा नाही. आणि तुमच्यापासून काय लपवू, इतकी मजाही मला कित्येक वर्षांत आली नव्हती. अक्षर लागलं नाही तर व्याह्यांकडून वाचून घ्या, पण शेवटचं पान मात्र एकट्यानेच वाचा.

फुटबॉल म्हटलं की तुम्ही टीव्ही बंद करता हे मला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या इथल्या संघात एक पोरगा आहे. त्याचं काम मागे उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. (गोलकीपर नव्हे, त्याच्या पुढचा. डिफेंडर म्हणतात.) अंगाने एवढा उभा-आडवा की सगळे त्याला कपाट म्हणतात. गेल्या वर्षी म्हणे चेंडू त्याला लांबून बघूनच परत फिरायचा. असं जावई म्हणतात, मी चेंडूचं तोंड बघितलेलं नाही. पण यंदा काय झालंय कोण जाणे, समोरचा येतो, याच्या बाजूने निघून जातो आणि हा आपला उभा. लोक ओरडतात, "कपाटाची कडी तुटली!" त्याचं इथे मन लागत नाही अशी सगळीकडे बोलवा आहे, आणि दुसऱ्या एका क्लबाने त्याला विकत मागितलाय. माणूस विकायचा म्हणजे काय, तो काय शिवणयंत्र आहे का, असं मी जावयांना विचारलं, तर ते म्हणाले, आई, विकतात, आणि त्या पैशांतून दुसरा आणतात. म्हटलं, बरं झालं, तुमच्या लग्नाच्या वेळी ही सोय नव्हती. (हसण्यावारी हो.) तर क्लबाने आपल्या चाहत्यांना विचारलं, की विकावा की ठेवावा. आणि चाहत्यांची बैठक कुठे, तर माझ्या पुढच्या खोलीत, कारण वरच्या खोलीत रंगाच्या डब्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही.

आता रंगाच्या डब्यांचं सांगते, कारण सगळी भीती तिथूनच सुरू होते. तुम्हाला माहीत आहेच, फ्लेक्सवाल्यांनी पाट्या रंगवण्याचं काम खाल्ल्यापासून जावई अगदी मिटून गेले होते. ब्रश धुवायचे, पुसायचे, परत धुवायचे. काम असल्याशिवाय ब्रश धुणारा माणूस बघवत नाही हो. तशात गेल्या वर्षी संघ जिंकला, आणि बेकरीवाल्याने आपली बाजूची भिंत त्यांना दिली. जन्मभर दुकानांची नावं आणि 'येथे गाडी लावू नये' एवढंच काढलेला माणूस, त्याने त्या भिंतीवर कपाटाचा चेहरा काढला. दोन मजल्यांएवढा. एकेक डोळा कपडे भिजवायच्या टबाएवढा. रस्त्याने जाणारा-येणारा थांबून त्यांचा हात हातात घेतो. मुलगी मला म्हणाली, "आई, ते परत जिन्यात शीळ घालायला लागलेत." मी ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. हे सगळं चांगलंच झालं. वाईट एवढंच झालं, की क्लबाने कपाटाला दिलेल्या खोलीला खिडकी एकच आहे आणि ती त्या भिंतीवर उघडते.

हे मला कसं कळलं ते ऐका. पोरगा माझ्याकडे पडदा शिवायला आला. मी शिवून दिला. थोड्या दिवसांनी परत आला, म्हणाला, आजी, याला आतून अस्तर लावा. लावलं. मग परत आला, म्हणाला, अजून एक लावा, जाड. मी म्हटलं, अरे, आता गादीच लाव तिथे! आणि माप घ्यायला स्वतः गेले. पडदा बाजूला सारला आणि विहीणबाई, मी किंचाळले. तो समोर! एवढा मोठा! आणि बघत होता माझ्याकडेच. डावीकडे सरकले, तरी माझ्याकडे. पलंगामागे वाकून बघितलं, तरी माझ्याकडेच. तुमच्या लेकाच्या हातात कला आहे यात तिळमात्र शंका नाही, पण त्या कलेने माझी बोबडी वळली. पोरगा पलंगाच्या कडेला बसून हळूच म्हणाला, "आजी, मी आता काहीतरी चुकणार, असाच तो माझ्याकडे बघत असतो." सकाळी उठला की तो. झोपायला गेला की तो. खेळताना तरी सुटका असावी, तर गेल्या सामन्याला मंडळींनी त्याच चेहऱ्याचे पुठ्ठ्याचे मुखवटे केले आणि अख्खी एक बाजू घालून बसली. पोराने वर पाहिलं तर शेकडो आपणच आपल्याकडे बघतोय. चेंडू दोन पायांमधून गेला. लोक म्हणाले, याचं लक्ष नाही. लक्ष कुठून असणार हो!

तेव्हापासून तो माझ्या स्वयंपाकघरात जेवायला येतो, मागच्या दाराने. तिथली खिडकी अंगणात उघडते आणि समोर नुसती कोरी भिंत. त्या भिंतीकडे बघत तो असा जेवतो, की बघून माझं पोट भरतं. काही काम द्या म्हणतो, मग मी शेंगा सोलायला देते, दोरे गुंडाळायला देते. एवढाल्या बोटांनी सुईत दोरा ओवतो, माझ्यापेक्षा लवकर. आणि काल बैठक भरली तेव्हा तो कुठे असेल? तिथेच. मटार सोलत. मध्ये एक भिंत आणि एक पडदा. (तोही मीच शिवलेला, पण एकेरी. दुहेरी केला असता तर बरं झालं असतं.)

बाहेर त्याच्या विक्रीची बोलणी आणि आत तो. सलूनवाल्याचा आवाज तुम्ही लग्नात ऐकलाय, माईकची गरज लागली नव्हती. तो म्हणाला, "विका! आजच विका! केस गळायला लागला की मी गिऱ्हाइकाला खोटी आशा दाखवत नाही." डॉक्टर म्हणाले, हलणारा प्रत्येक दात उपटायचा नसतो, आधी हिरडी बघावी लागते. त्यावर सलूनवाला म्हणतो, "तुमच्याकडे दात वाचवायला आलेली माझी बायको कवळी घेऊन घरी आली, डॉक्टर." डॉक्टर म्हणतात, "आणि तुमच्याकडे दाढी करायला गेलेला माझा भाऊ कानाला पट्टी लावून." मी म्हटलं, चहा घ्या. मग सलूनवाल्याने पुरावा काढला. म्हणे, भर दुपारी खिडकीला तिहेरी पडदे लावून बसतो, आत दुसऱ्या क्लबाची माणसं येत असणार, नाहीतर सरळ माणसाला एवढे पडदे कशाला? आणि मग म्हणाला, "हे पडदे शिवून कोणी दिले, ते शोधलं पाहिजे." विहीणबाई, माझ्या हातातली गाळणी पडली. मी विचारलं, साखर किती घालू? परत विचारलं, साखर किती? डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही घातलीत, दोनदा.

मग सलूनवाल्याने फोनवर दुसऱ्या डिफेंडरचा फोटो दाखवला, याच्या जागी आणायचा तो. दाढीवाला, भुवया एकमेकींना चिकटलेल्या, मारामारीसाठी मैदानाबाहेर काढलेला. तो फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरत जावयांकडे आला. त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "हनुवटी चांगली आहे. भिंतीवर शोभेल." म्हणजे हा जाणार, तो येणार, त्यालाही तीच खोली मिळणार आणि मी परत पडदे शिवत बसणार!

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की आतून शेंगांचा आवाज येईनासा झालाय. पडदा हलला आणि कपाट दारात उभं. दार भरूनच गेलं. हातात मटारचं भांडं. मला वाटलं आता इथेच काहीतरी होणार, खुर्च्या उडणार, माझं यंत्र मोडणार. तो मला म्हणाला, "आजी, मटार झाले." आणि विहीणबाई, ज्या सलूनवाल्याने त्याला आत्ता विकला होता, तो ताडकन उठला, आपली खुर्ची त्याच्यासाठी पुसली आणि म्हणाला, "दादा, बसा ना. तब्येत बरी ना?" डॉक्टरांनी चहा पुढे केला, स्वतःचा. सगळे असे लाजले, जणू स्थळ बघायला आलेत.

डॉक्टरांनीच धीर करून विचारलं, तुमचं मन का लागत नाही, काय त्रास आहे, मोकळेपणाने सांगा. मी देवाचं नाव घेतलं. म्हटलं, बोल बाबा, आता बोल, मी बोलू शकत नाही, तू बोल. त्याने जावयांकडे पाहिलं. जावई पुढे सरकून बसले होते, नखांत रंग, आणि तोंडावर निकाल लागायच्या आधी मुलांच्या तोंडावर असतं ना, तसं. पोरगा म्हणाला, "मला इथे काही त्रास नाही. रोज आजीकडे पोटभर जेवतो." जावयांनी विचारलं, "आणि चित्र? आवडलं ना चित्र?" त्याने भांड्यातले मटार उगाच चाळवले. म्हणाला, "हुबेहूब आहे."

संपलं! जावयांना भरून आलं. मुलगी जिन्यात उभी होती, तिने मला वरून हात केला. मग ठरलं ते असं, की आत्ता विकायचा नाही, येत्या शनिवारचा सामना बघायचा. त्यातही तसाच खेळला तर सलूनवाल्याचं खरं, मग लगेच विकायचा. पण तोवर त्याला कळलं पाहिजे, की या जागेचं त्याच्यावर किती प्रेम आहे. आणि प्रेम कसं दाखवायचं, हे कोणाला सुचावं? तुमच्या चिरंजीवांना. ते उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, अंगणातली माझी कोरी भिंत बघितली आणि म्हणाले, "तुम्ही रोज इथे जेवता तर! मग इथे पूर्ण उंचीचं काढतो. डोक्यापासून बुटांपर्यंत. जेवताना समोर दिसलं पाहिजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोराच्या हातातल्या भांड्यात मटार थडथडले, ते मी एकटीनेच ऐकलं. तो म्हणाला, कशाला त्रास. सगळे म्हणाले, त्रास कसला!

मंडळी गेल्यावर त्याने भांडं खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराची खिडकी वितीने मोजली. मग म्हणाला, "आजी, या खिडकीला किती कापड लागेल?"

तुम्ही म्हणाल, एवढं होईस्तोवर तुम्ही तोंड का उघडलं नाहीत. कशी उघडू? सासूने जावयाला सांगायचं, की तुमच्या चित्राला बघून माणूस घाबरतो? मुलीला सांगितलं तर ती त्यांना सांगणार. वरून सकाळी शीळ ऐकू आली की वाटतं, गप्प बसावं. खाली पोराचा उतरलेला चेहरा बघितला की वाटतं, बोलून मोकळं व्हावं. तो विकला गेला तर कुठल्या परक्या जागी कोण त्याला जेवायला वाढेल, या विचाराने घास घशाखाली उतरत नाही माझ्या. दोघेही लाखात एक हो. चांगल्या माणसांची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

बाकी सगळं ठीक. व्याह्यांना सांभाळा, स्वतःला जपा, माझी आठवण असू द्या.

तुमची विहीण

ता. क. : आता शेवटचं पान. विहीणबाई, हात जोडून मागते, गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुम्ही आजारी पडा. फार नको, जरा चक्कर, जरा धडधड. 'लेकाला बघावंसं वाटतं' एवढाच निरोप पाठवा, ते लगेच निघतील. फोनवर हे बोलता येत नाही, फोन त्यांच्याच खिशात असतो. म्हणून पत्र बसवाल्याच्या हाती देते आहे.

ता. क. : आले की जवळ बसवून तुम्ही आई म्हणून सांगा, की एकट्याचं चित्र काढलं की बाकीच्यांना वाईट वाटतं. बेकरीच्या भिंतीवर अख्खा संघच काढ म्हणावं, सगळे छोटे छोटे, आणि हा मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड. तुमचं ते ऐकतील. तुम्हीच त्यांना पहिली रंगपेटी दिली होतीत, हे ते येईल त्याला सांगतात. माझं नाव मात्र काढू नका.

ता. क. : चक्कर बेताचीच येऊ द्या. जास्त आलीत तर मुलगीही निघेल, मलाही निघावं लागेल, आणि पोराला जेवायला कोण वाढेल?

ता. क. : मंडळी शुक्रवारी सकाळी भिंत रंगवायला येतो म्हणून गेलीत. शिडी आजच अंगणात आणून ठेवलीय.