वडाभोवतीचा दोरा

४ जून
विलासच्या बदलीमुळे आम्ही दोघं चंदीगडला पोचलो. जंगलाला लागून सरकारी बंगला, आणि कुंपणाशी चक्क वड. कॉन्व्हेंटच्या शाळेत मदर आम्हाला अशाच वडाखाली बायबलच्या गोष्टी सांगायच्या.

विलास वनखात्यात. इथे बाहेरून आलेली सुबाभूळ हटवून मूळची झाडं परत आणायची आहेत. झाड पाडत नाहीत. खोडाभोवतीची साल कड्यासारखी काढून उभंच वाळू देतात. वाळक्या लाकडात किडे होतात, किड्यांमागे सुतारपक्षी येतात. मुळं आधी उपाशी मरतात, शेंड्याला उशिरा कळतं, असं तो चहा पिता पिता सांगत होता. मी म्हटलं, निदान बिस्किट तरी संपू दे.

१० जून
वटपौर्णिमा. दर बदलीच्या गावी कुंडीतल्या फांदीवर भागवलं, यंदा खरा वड. सुताचा दोरा गुंडाळत सात फेरे घातले. विलासने चिडवलं, सात जन्म मागतेच आहेस तर एखादी पुण्याची बदलीही माग.

१३ जून
बाजारातून आले तर वडाची साल सोललेली, जिथे माझा दोरा होता नेमकी तिथेच. वनरक्षक गुरमेल मान खाली घालून उभा. वाळवायच्या झाडाला इथे दोरी गुंडाळून खूण करतात. नव्या मजुरांना माझा दोरा दिसला. खोडाच्या मागच्या बाजूला दोन बोटं रुंद साल उरली आहे. तेवढ्यावर जगेल, म्हणाला विलास. रागावला नाही. मी शेणमाती लिंपली.

१७ जून
विलासच्या कमरेवर लाल पट्टा. सेक्टर ३२ मधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नागीण आहे, एकाच बाजूला राहते, घाबरू नका. आई म्हणायची, नागिणीचा वेढा पुरा होऊ देऊ नये. आश्लेषाला फोनवर सांगितलं तर लेक हसली. म्हणे मम्मा, यह सब मत सोचो.

२० जून
पट्टा दुसऱ्या बाजूलाही सरकलाय. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा तपासलं. विलासचे पाय गार. टाचणी टोचली, त्याला कळली नाही. चेहरा मात्र टवटवीत. मुळं आधी—

२२ जून
विलासच्या पाठीवर पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये थोडी जागा मोकळी आहे. बोटं ठेवून पाहिली. दोन. मग वडाकडे धावले. तिथेही तेवढीच.
खुर्ची टाकून तिथेच बसले. राखेन.

२४ जून, सकाळ
सुतारपक्षी. नेमका त्या सालीवर. टाळ्या वाजवल्या, दगड मारला. हलत नाही. विलास आतून म्हणाला, हाकलू नकोस गं, पक्षी आले म्हणजे काम नीट होतंय.
त्याच्या पायांवर मुंग्या. झटकल्या. पुन्हा—

दुपार
डोळा लागला माझा. खुर्चीतच. साल खाली पडलेली. पक्षी नाही.
ठकठक मात्र चालू आहे. झाडावर नाही. घरात.
विलासला हाक मारली. नुसती ठक—
वही हातातच, दार ढकलते आहे. तो पाठमोरा बसलाय, खिडकी उघडी, आणि त्याच्या पाठीवर—