मूळचा कार्बोरेटर

बाबा,

तुमच्या गाडीचा मूळचा कार्बोरेटर सापडला. मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत, तुमच्या खाकी शर्टात गुंडाळून ठेवलेला होता. भाऊ अमडापूरचं घर पाडून नवं बांधतो आहे. तो म्हणाला, "ताई, शेडातली अँबेसिडर भंगारात देऊन टाकू." मी म्हणाले, एक महिना थांब. "काऊन?" असं त्यानं विचारलं. शाळेतून रिटायर होऊन मला चार महिने झालेत, दिवस रिकामा असतो, म्हणून असेल. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गाडीवरची ताडपत्री ओढली तेव्हा काहीतरी वाटेल असं मी धरून चालले होते. धूळ नाकात गेली, एवढंच.

चिखलीच्या मिस्त्रींना बोलावलं. तुमच्या गाडीचं काम करायचा तो तेव्हाचा तरुण माणूस आता सत्तरीच्या पुढे गेलाय, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. बॉनेट उघडून कार्बोरेटर पाहिल्याबरोबर ते म्हणाले, "हा इचा नाही. मीच बसोला होता हा. तुह्या बाबांनं म्हटलं, जुना काढ, माह्या नजरेसमोर नको." इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधात त्यांनी घातलेली लोखंडी पट्टी त्यांनी मला बोटानं दाखवली, एकाचा सांधा दुसऱ्याला जुळवायला ती लागली होती. मग मी पेटी उघडली तर शर्टात एक नव्हे, दोन कार्बोरेटर निघाले. दोन्ही काळे, दोन्हींवरची नावाची तबकडी गेलेली. मिस्त्रींना चष्मा लावूनही ठरवता येईना. मी शाळेतली युक्ती केली. पट्टी काढून इंजिनाच्या तोंडावर वहीचं पान दाबलं आणि वरून पेन्सिल घासली. पानावर दोन भोकं उमटली. एका कार्बोरेटरला चार भोकं होती, म्हणजे तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, आणि उरलेल्याला दोन. दोनवाला पानावर ठेवला, नेमका बसला. तरी खात्री म्हणून आतली सुई काढली, तिच्या बुडाशी कोरलेली दोन बारीक अक्षरं भिंगातून वाचली आणि मोबाइलवर शोधलेल्या जुन्या पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून पाहिली. तोच होता.

तो खोलून, साफ करून पुन्हा जुळवायला मला नऊ दिवस लागले. सकाळी चहा झाला की ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचं, पितळी तुकडे ओळीनं मांडायचे, रॉकेल आता मिळत नाही म्हणून पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून घासायचे. पेट्रोल सुकून आत मधासारखा पिवळा चिकटा बसला होता. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट मी कानाशी धरून हलवला. आत काही खळखळलं नाही, म्हणजे तो फुटलेला नव्हता. पेट्रोल थांबवणारी छोटी सुई गुळगुळीत होती. पिस्टन वर उचलून सोडला की तो सावकाश खाली येऊन टक् वाजतो, तसा वाजला. रबर आणि बुचाचे वायसर तेवढे नवे घातले. बाबा, त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. मला ते आधीच माहीत होतं. तरी मी प्रत्येक तुकडा उजेडात धरून पाहिला.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी चौदाची असेन. स्टेपनीचा नट मी अर्धाच आवळला आणि "चालते" म्हणाले. तुम्ही पाना माझ्या हातून घेतला, नट पुरता आवळला आणि म्हणालात, "‘चालते’ म्हणू नोको. ज्याले पोटाची चिंता हाय तो माह्या गाडीत बसते. त्याचा बिमार माणूस बसते." गावातल्या किती बाया तुमच्या गाडीतून खामगावच्या दवाखान्यात बाळंत व्हायला गेल्या. गाडीनं वाटेत कुणाला कधी उतरवलं नाही, ही तुमच्या अभिमानाची एक गोष्ट होती. दुसरी मी. बारावीला मला चांगले मार्क पडले, अकोल्याच्या तंत्रनिकेतनाच्या यादीत नाव लागलं, तेव्हा तुम्ही खामगावहून टी-स्क्वेअर आणि कंपासपेटी आणलीत. लाकडी टी-स्क्वेअर भिंतीला टेकवून ठेवला आणि जेवताना सारखं त्याच्याकडे पाहत होतात. आई म्हणाली, "पोरगी तिथं एकटी रायते का?" तुम्ही म्हणालात, "एकटी गेली तरच मागून दुसऱ्या जातीन."

प्रवेशाच्या दिवशी दुपारी बाराच्या आत अकोल्याला हजर व्हायचं होतं. टाकी तुम्ही आदल्या संध्याकाळीच काठोकाठ भरून आणलीत. आम्ही सकाळी सातला निघालो. उंद्रीच्या पुढे गाडी पहिल्यांदा बंद पडली. तुम्ही बॉनेट उघडता, कार्बोरेटरचं झाकण काढता, आत पेट्रोल नाही. फुंकर मारता, नळी काढता, पुन्हा लावता. थोड्या वेळानं गाडी सुरू होते, आठ-दहा किलोमीटर जाते आणि पुन्हा थांबते. मी मागच्या सीटवर फाइल मांडीवर घेऊन बसलेली आहे. तुमचा पांढरा सदरा पाठीला चिकटला आहे. खामगावात एका मिस्त्रीनं सगळं खोललं, जोडलं आणि म्हणाला, "आता नाही पडणार." बाळापूरच्या अलीकडे पुन्हा पडली. "पेट्रोलच येऊन नाही राह्यलं," तुम्ही म्हणालात, मला नाही, गाडीला. मी म्हटलं, "एसटीनं जाऊ का?" तुम्ही म्हणालात, "पोहोचवतो ना मी तुले." आम्ही अकोल्याला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. खिडकीतला कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "बारापर्यंत वाट पाह्यली हो. पुढच्याले देली जागा." तुम्ही त्याच्यापुढे हात जोडून उभे होतात. काळे झालेले हात.

आता लिहिते. त्या सकाळी आई प्रवासासाठी पोळ्या करत होती. तुम्ही आंघोळीला गेला होतात. मी परातीतली ज्वारीच्या दाण्याएवढी कणीक चिमटीत घेतली, अंगणात गेले आणि गाडीच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी जे बारीक भोक असतं, त्यात आतून दाबून बसवली. तेलाच्या डब्याला आई नेहमी दोन भोकं पाडायची, एक तेलाला, एक हवेला. हवेचं भोक बोटानं दाबलं की तेलाची धार तुटते. टाकीचंही तसंच होईल असा माझा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. तेवढंच माझं इंजिनिअरिंग. मला जायचं नव्हतं, बाबा. शंभर मुलांमध्ये एकटी, होस्टेल, इंग्रजी पुस्तकं. आणि तुम्हाला नाही कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं. तुम्ही दिवसभर पुढचं बॉनेट उघडत राहिलात, मागे टाकीकडे कुणी गेलंच नाही. तुम्ही खिडकीपाशी हात जोडून उभे होतात तेव्हा मी बाहेर गाडीपाशी आले आणि केसातल्या आकड्यानं ती कणीक काढून टाकली. ती वाळून कडक झाली होती.

येताना गाडी एकदाही थांबली नाही. खामगाव गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाह्य, आता कशी चालते."

त्यानंतर तुम्ही कार्बोरेटर बदलला. आजारी माणूस न्यायला कुणी आलं तर म्हणायचात, "जीपवाल्याले घ्या, माही गाडी भरवशाची नाही." लग्नाची भाडी तेवढी घेत राहिलात. मी डी.एड. केलं, शाळेत लागले, चौतीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं. टी-स्क्वेअर फळ्यावर रेघा मारायला वापरला. शेवटी दवाखान्यात तुमचा हात माझ्या हातात होता आणि तुम्ही म्हणालात, "तुही सीट माह्या गाडीनं घालोली. मनात ठेवू नोको, बाई." मी म्हणाले, "जाऊ द्या बाबा. मी कधीच विसरले ते." तुम्ही डोळे मिटलेत, जरा हलकं झाल्यासारखं. म्हणजे मी तुम्हाला माफ केलं. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला विहारात लोक जमले तेव्हा एक म्हातारे उठून म्हणाले, यांच्या गाडीनं उभ्या जन्मात एकदाच दगा दिला, तोही पोटच्या पोरीला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. रडत असेन असं त्यांना वाटलं असेल. मी सतरंजीच्या रेघा मोजत होते.

काल मिस्त्रींनी तो कार्बोरेटर बसवला. नवी बॅटरी लावली, पाचव्या झटक्याला इंजिन सुरू झालं. काळा धूर निघाला, मग पांढरा, मग काही नाही. मिस्त्रींनी सुईखालचा नट अर्धा फेरा फिरवला आणि आवाज एकसारखा झाला. भाऊ फोनवर व्हिडिओ काढत होता. गाडी आता भंगारात जाणार नाही, तो म्हणतो, उभी करू नव्या घरासमोर. आम्ही तिला उंद्रीपर्यंत नेऊन आणली. मी मागे बसले होते. छातीत काही होतं का ते मी पाहत होते. नव्हतं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, भावालाही नाही. हे लिहिल्यानं सगळं फिटलं असं कुणाला वाटू नये, तुम्हाला तर नाहीच. कारण परत आल्यावर मिस्त्रींनी हात पुसत मला विचारलं, "इतके वर्षं मले कोडं होतं, पोरी. तू सारा खोलला ना? काय निंगालं मग त्याच्यात?"

मिस्त्री खरं ऐकायला थांबले होते. भाऊ बाजूलाच होता.

मी म्हणाले, "सुई अडकत होती."

"तेच म्हटलं मी," मिस्त्री म्हणाले.