जावईबापू सेंटर फॉरवर्ड

॥ श्री ॥

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
श्रावण वद्य दशमी, सन १९३६

चि. मधुकर यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे, मान वाकडी करून वाच. कार्डच टाकणार होते, पण कार्ड टपाल हापिसात तुझ्या मेहुण्यांच्या डोळ्यांखालून जाईल, अन् ह्यात सगळं त्यांचंच आहे. म्हणून पाकीट.

नागपूरला नोकरी लागल्यापासून तू दर पत्रात विचारतोस, आपली हॉकीची टीम कशी आहे. टीम आहे. जिंकत नाही, पण आहे. परवा खंडव्याची टीम इथे येऊन पाच गोल ठोकून गेली, अन् जाताना आपल्याच विहिरीचं पाणी पिऊन गेली. आपला एक झाला, तोही त्यांच्याच माणसाच्या पायाला लागून. तुझे बाबा म्हणतात चिखल होता. चिखल काय खंडवेवाल्यांना चुकवून पडला होता?

परसाच्या भिंतीशी बसलं की सगळं मैदान दिसतं. मला ऑफसाइड कळत नाही. शकूरला दोनदा विचारलं; तो कप्तान, वर गोलकीपर, पण त्यालाही नीट सांगता येत नाही. मात्र चेंडू कोणाकडे गेला अन् कोणाकडे जायला पाहिजे होता, हे दिसायला शाळा लागत नाही.

चेंडू जातो वामनरावांकडे. आपल्या शारदाचा नवरा म्हणजे घरचा जावई, अन् घरचा जावई तो सगळ्या गल्लीचा जावई. बदली होऊन आले, सिंधीपुऱ्यात बिऱ्हाड केलं, अकोल्याला कधी काळी खेळत होतो म्हणाले, अन् पोरांनी बसायला पाट द्यावा तशी त्यांना मधली जागा दिली. सेंटर फॉरवर्ड! माणूस सरळ आहे, माझं काही म्हणणं नाही. पण रोजच्या प्रॅक्टिसला त्यांच्याकडून चेंडू कोणी घेतच नाही. जावयाच्या पायात काठी घालायची कशी? बॅक बाजूला सरकतात, शकूर गोल मोकळा सोडतो अन् वर दूल्हाभाईंची तारीफ करतो. त्यांना वाटतं आपण फार छान खेळतो. मग खंडव्याचा माणूस येतो. त्याचे हे कोणी लागत नाहीत. तो चेंडू घेऊन जातो अन् हे बघत राहतात, ताटावरून उठवल्यासारखे. परवा तर घसरून पडले. खेळ चालू, अन् आपले चौघे त्यांचा सदरा झटकायला धावले. तेवढ्यात तिकडे गोल.

आता निंबाचं ऐक. तोच तो इच्छापुराकडचा, जिनात कापसाच्या कामाला असतो. पायात काही नाही, स्टिकला सुतळी गुंडाळलेली, पण चेंडू त्याच्या काठीला असा चिकटतो की गूळ लावलाय वाटावं. त्याला ठेवलाय कडेला, जावईबापूंना चेंडू आणून द्यायला. परवा एकदाच स्वतः घेऊन गेला अन् चुकला, तर सगळी गल्ली ओरडली. मोठ्याचं चुकलं तर चिखल, पोराचं चुकलं तर अक्कल नाही. अशाने पोरं तयार होत नाहीत बेटा, घाबरट होतात. चुकू द्यावं अन् पुन्हा चेंडू द्यावा. मी भाकरी अशीच शिकले, अन् तुझ्या आजोबांनी ते सगळे नकाशे मुकाट खाल्ले.

भुसावळच्या रेल्वेवाल्यांनी निंबाला बोलावलं आहे. दिवाळीनंतर खंडव्याला टुर्नामेंट आहे. तिथेही कडेलाच उभा राहिलो तर मी जातो, असं त्याने शकूरला सांगून ठेवलं. तो गेला की टीम संपली. मग मैदानात गोवऱ्या थापायला मी मोकळी. म्हणून वामनरावांना मी खरं काय ते सांगणार आहे. तुला आधी कळवलं.

जेवत जा. लोभ आहेच, तो दर पत्रात मागू नको.

आजी

*

सीताबर्डी, नागपूर
ता. २१ ऑगस्ट १९३६

ती. आजीस मधुकरचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. खानावळीत सर्वांना वाचून दाखवले. नकाशांपर्यंतच, पुढचे खिशात ठेवले. इथे सध्या बर्लिनच्या विजयाखेरीज दुसरे बोलणेच नाही. आपल्या हॉकीच्या संघाने जर्मनांना त्यांच्याच घरी आठ गोल मारले! आमच्या हेडक्लार्कांनी, ज्यांना हसताना कोणी पाहिले नाही, सर्वांना पेढे वाटले. आणि आपला लोधीपुरा मात्र खंडव्याकडून पाच खातो, हे वाचून जीव कसनुसा झाला.

तुझे म्हणणे खरे आहे हे मला ठाऊक आहे. पण आजी, हात जोडतो, वामनरावांना काही बोलू नकोस. गेल्या दिवाळीत ओवाळताना पाट हलला, तेवढ्यावरून ते दोन दिवस बोलले नव्हते. शारदाचे बिऱ्हाड आता कुठे लागते आहे. त्यांनी रागाने बदली मागून घेतली, तर तिला अनोळखी गावी जावे लागेल, आणि आपल्या घरचा उंबरा ते पुन्हा चढतील की नाही कोण जाणे. त्यात हा अधिक महिना. जावयाला अनारसे वाढायचे दिवस, आणि तू त्यांना बोल वाढणार! बाबा तर मलाच धारेवर धरतील, तुला हॉकीचा नाद मी लावला म्हणून.

निंबा भुसावळला गेला तर त्याचे भलेच होईल, असे मनाला समजावतो. समजत नाही, ही गोष्ट वेगळी.

तब्येत सांभाळ आणि तोंडही. माझ्यावर माया आहे तशीच मेहुण्यांवरही राहू दे, एवढेच मागणे.

तुझा
मधुकर

*

॥ श्री ॥

लोधीपुरा
अधिक भाद्रपद शुद्ध दशमी

रा. रा. वामनराव जावईबापू यांस रंभाबाईचे आशीर्वाद. वि. वि. एकाच गावात राहून पाकीट धाडते म्हणून हसाल. पण तुम्ही घरी आलात की पाट, रांगोळी अन् भोवती दहा माणसं. त्यात खरं बोलायला जागा उरत नाही. ह्या पाकिटावर शिक्काही तुम्हीच माराल. मारा, अन् घरी नेऊन वाचा.

तुम्ही हॉकी चांगली खेळता का वाईट, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. बऱ्हाणपुरात कोणालाच माहीत नाही, कारण तुम्ही इथे आल्यापासून तुमच्याकडून चेंडू काढून घ्यायला कोणी हातच उचलला नाही. तुम्ही आलात की बॅक सरकतात. तुम्ही मारलात की शकूर दुसरीकडे बघतो. तुम्ही गल्लीचे जावई आहात, सेंटर फॉरवर्ड नंतर. खंडवेवाले आले तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की आज नशीब नव्हतं. नशीब होतं तसंच होतं. समोर सासुरवाडी नव्हती, एवढंच.

ह्यात तुमचा गुन्हा नाही. मान द्यायच्या नादात आम्हीच तुम्हाला फसवलं. पण त्या मानापायी निंबा कडेला उभा राहून वाळतो आहे, अन् खंडव्याच्या टुर्नामेंटनंतर तो भुसावळला जाईल.

तर एक करा. मैदानावर जाऊन पोरांना सांगा की माझ्याकडून चेंडू हिसकून घ्या. मी सांगून उपयोग नाही. जावयाला पाडा असं आजेसासूने म्हटलं तर लोक मला येडी म्हणतील. हे तुम्हीच सांगू शकता. मग जे खरं असेल ते बाहेर येईल. मधल्या जागेचे निघालात तर भिंतीशी बसून सगळ्यात मोठ्याने मीच ओरडेन. नाही निघालात तर ती जागा निंबाला द्या.

राग आला तर माझ्यावर काढा. शारदाला ह्या पत्राचं काही ठाऊक नाही. अन् तिच्यावर काढलात तर ती ऐकून घ्यायची नाही, माझ्या हाताखाली वाढलेली आहे. तुमच्या भल्यासाठीच सांगते.

अनारसे रविवारी आहेत. आलात तर कढईतले, नाही आलात तर डब्यातले. माया दोन्हीकडे सारखीच.

रंभाबाई

*

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
ता. २४ सप्टेंबर १९३६

ती. आजींचे सेवेशी वामनाचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या पत्रास उत्तर द्यायला उशीर झाला, याचे कारण राग. रविवारी मी आलो नाही, डबाही तसाच परत पाठवला. बदलीचा अर्जदेखील मनात लिहून झाला होता. खोटे कशाला सांगू?

तीन-चार दिवस कोणाशी बोललो नाही. मग शारदेला विचारले की आजी म्हणतात ते खरे का. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, खरे आहे, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. मी विचारले, मग तू का नाही सांगितलेस. त्यावर ती म्हणाली की पाट हलला तर दोन दिवस अबोला धरणाऱ्या माणसाला हे सांगायचे म्हणजे निदान महिनाभराची तयारी हवी. आजी, आपल्या पत्रापेक्षा ते वाक्य मला जास्त लागले.

दुसऱ्या संध्याकाळी मैदानावर गेलो आणि शकूरला म्हटले, आजपासून मला खंडव्याचा समजा. त्याने कानाला हात लावले. बॅक तर पळूनच जायच्या बेतात होते. शेवटी निंबाला समोर उभे केले आणि बजावले की चेंडू घेतला नाहीस तर आजच भुसावळची गाडी धर. त्याने घेतला. कसा घेतला तेही मला दिसले नाही. पुन्हा चेंडू मागितला, पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा मी आडवा झालो. पोरे सदरा झटकायला निघाली, त्यांना जागीच उभे राहायला सांगितले आणि आपला आपण उठलो. त्या दिवसापासून रोज उठतो आहे. गुडघ्यांना शारदा हळद लावते आणि तोंड फिरवून हसते.

खरे काय ते बाहेर आले आहे. मी मधल्या जागेचा नाही. परंतु एक गंमत कळली. मी गोलाच्या पुढ्यात उभा राहिलो की माणसाला मोठा वळसा घालून जावे लागते. शकूर म्हणतो, हेच पाहिजे होते. तेव्हा मी आता बॅक खेळतो. मधे निंबा. तो अजून बिचकतो, दर वेळी माझ्याकडे बघून मग पुढे जातो. ही सवय खंडव्यापर्यंत मोडली पाहिजे. ती कशी मोडायची, हे आपणच सांगावे.

अधिक महिना संपला. तरीही अनारसे शिल्लक असतील तर डबा पुन्हा पाठवावा. आपला लोभ बोलका आहे तसाच राहो.

आपला
वामन

*

॥ श्री ॥

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
कार्तिक वद्य पंचमी

चि. मधुकर यास आजीचे आशीर्वाद. वि. वि. तू घाबरवलं होतंस तसं काही झालं नाही. थोडं झालं, पण ते वामनरावांनी स्वतःच निस्तरलं. तुझ्या मेहुण्यांना तू ओळखत नाहीस. मीही ओळखत नव्हते.

खंडव्याला मी गेले होते. तुझ्या बाबांना सांगितलं दादा दरबारचं दर्शन घ्यायचं आहे. दर्शन घेतलंही, खोटं नको. शारदा बरोबर होती. मैदानावर बायका आम्ही दोघीच, लोक वळून वळून बघत होते. मग शारदा ओरडायला लागली, तसे वळायचे थांबले.

पहिला सामना हरद्याशी. निंबाने दोनदा चेंडू घालवला. आधीची टीम असती तर त्याला पुन्हा मिळाला नसता. शकूरने गोलातून हाक मारून मारून त्यालाच द्यायला लावला, अन् त्याने गोल केला. मग बरोबरी झाली. शेवटी शेवटी वामनराव जुन्या सवयीने पार पुढे गेले अन् चेंडू आला नेमका त्यांच्याच पायाशी. निंबा मागून वाऱ्यासारखा येत होता. तो त्यांच्यावर असा खेकसला की बैलावर कोणी खेकसत नाही. बापू नाही, राव नाही, सरळ बाजूला हो. शारदाने माझा दंड धरला. वामनराव बाजूला झाले. चेंडू तसाच पुढे गेला, निंबाने घेतला, अन् गोल! खेळ संपल्यावर पोरगं रडकुंडीला येऊन त्यांचे पाय धरायला गेलं. त्यांनी त्याला उठवलं अन् सांगितलं की असंच ओरडत जा, मला लवकर ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी खंडव्याशी हरलो. पण एकाच गोलाने, अन् तोही शेवटाला. वामनराव मधे एकदा पडले, नाकापर्यंत धूळ. कोणी वळून पाहिलं नाही. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. हरलेली पोरं गाडीत बसून पुढच्या वर्षाचं बोलत होती, अन् हरल्यावर पुढचं बोलणारी टीम मी आपल्याकडे पहिल्यांदा पाहिली. अजून कच्चे आहेत. कडेचा नवा पोरगा पळतो फार, बघतो कमी. तो होईल. दोन वर्षं द्यावी लागतील, अन् मधे कोणी ओरडायचं नाही. ओरडायला मी आहे.

निंबा भुसावळला जात नाही. त्यांना त्याने नाही म्हणून कळवलं. पण आता दुसरीच आफत आली आहे. आपल्या गल्लीतल्या कापडवाल्या लीलाधरशेठनी तो खंडव्याचा गोल पाहिला, अन् काल सकाळी नारळ घेऊन आपल्या दारात उभे. त्यांची मालती निंबाला द्यायची म्हणतात. जात एक, पोरगी गुणाची, पोरगं हातचं जाऊ नये एवढीच घाई. निंबाला बोलावून विचारलं, तर तो लाजून विहिरीकडे गेला तो परत आला नाही. पण बातमी कळली तशी टीम पांढरीफटक पडली. शकूरने तर डोक्याला हातच लावला. गल्लीचा आणखी एक जावई, अन् तोही सेंटर फॉरवर्ड!

मी मोडता घातला नाही. लग्न होऊ दे. पण संध्याकाळी सगळ्यांना भिंतीशी बोलावून सांगितलं की साखरपुड्याच्या दिवसापासून जो कोणी निंबाला वाट सोडून देईल, त्याने पाणी प्यायला माझ्या दारी यायचं नाही. वामनराव पुढे आले अन् म्हणाले की गल्लीचा थोरला जावई मी आहे, तेव्हा धाकट्याला रोज आडवा पाडायचा मान माझा. मी तो त्यांना देऊन टाकला.

साखरपुडा मार्गशीर्षात आहे. रजा काढून ये, येताना स्टिक आण. गल्लीच्या नात्याने तू निंबाचा मेहुणा होशील, पण चेंडू सोडायचा नाही. लोभ कर, लाड करू नको.

आजी