दातवालीने न पाहिलेलं शिखर

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरलं. तिसऱ्या शिखरावर जायचं. एका दिवसात जाऊन यायचं, हे जायचे तसंच.

पहिल्या दोन शिखरांवर हे अकरा वर्षं जात होते. वर्षातून एकदा, त्या दातांच्या डॉक्टरबरोबर, म्हणजे माझ्या दातवालीबरोबर. तिसऱ्यावर एकदाही नाही. दुसऱ्यावर पोचेपर्यंत एक वाजायचा, आणि एकला जिथे असू तिथून मागे फिरायचं हा ह्यांचा नियम. म्हणजे तिसऱ्यावर तीही गेलेली नाही.

हे जाऊन चौदा महिने झाले. लेकीने कारण विचारलं तर काहीतरी सांगेन. इथे खोटं कशाला लिहू? दातवालीने न पाहिलेली एक तरी जागा मला हवी आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

नकाशा कसा वाचावा याचं पुस्तक वाचनालयातून आणलं होतं, ते दुसऱ्यांदा वाचून झालं. आज दुकान बंद केल्यावर ह्यांचा नकाशा कापडं बेतायच्या टेबलावर पसरला. वाटेवर पांढरा दोरा ठेवत गेले, प्रत्येक वळणाला टाचणी. मग दोरा सरळ करून पट्टीवर मोजला आणि हिशेब केला. तिन्ही शिखरं, जाऊन-येऊन एकोणीस किलोमीटर. माझ्या चालीने ताशी तीन धरले तरी साडेसहा तास.

आणि हे दोनच शिखरांसाठी पहाटे चारला घर सोडून रात्री यायचे!

मनात आलं ते लिहीत नाही.

लिहितेच. एवढा वेळ दोघं करत काय होते?

९ ऑक्टोबर, गुरुवार

लेकीचा फोन. “एकटी जाणार नाहीस, आई. डॉक्टरांना विचार, त्यांना वाट पाठ आहे.”

“माझे दात दुखत नाहीत.”

“दातांचं कोण बोलतंय?”

मग म्हणाली, “त्या नसतील तर मी येऊन घराला कुलूप घालेन.” घालेल. बापाची लेक आहे.

एवढ्या मोठ्या जगात वाट माहीत असलेली नेमकी तीच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गेले. तिच्या दवाखान्यात बसायला जागा एकच, पेशंटची खुर्ची. त्यातच बसवलं मला. डोक्यावर दिवा, मांडीवर नकाशा, आणि ती वरून बघतेय. माझा दोऱ्याचा हिशेब सांगितला. हसली. वाईट नाही हसली, पण हसली.

“वहिनी, तुमचा दोरा झोपलाय. डोंगर उभा आहे.”

मग बोटाने नकाशावरची उंचीची एकेक रेषा मोजून दाखवली. दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास धरायचा. उतरणीचा वेगळा, दम खायचा वेगळा. “साडेसहा नाही, तेरा तास. टपालला आणि मला दोन शिखरांनाच अकरा लागायचे.”

टपाल. हे पोस्टात होते, म्हणून डोंगरात त्यांचं नाव टपाल. सत्तावीस वर्षं मी नुसतं ‘अहो’ म्हणत राहिले.

मनातली शंका एका मिनिटात गेली. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भानगड असती तर भांडता तरी आलं असतं. नुसत्या चालण्याशी कसं भांडायचं?

“तिसरं कशाला?” तिने विचारलं.

“ह्यांचं राहिलं होतं.”

बराच वेळ रेषाच बघत होती. “मी येते,” म्हणाली.

नको म्हणता आलं नाही. खुर्चीतून उठायचं कसं तेही मला कळेना. तिनेच बटण दाबून सरळ केलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांच्या सॅकचे पट्टे आत घेतले, माझ्या खांद्याच्या मापाने. सैल टिपा घातल्या, कधीही उसवता येतील अशा.

१९ ऑक्टोबर, रविवार

आले. बोटं वळत नाहीत. उद्या लिहीन.

२० ऑक्टोबर, सोमवार

सहाला चालायला लागलो. तिला दगड न् दगड ठाऊक. “इथे बूट झटकायचे.” “इथे कायम पाय घसरायचा, आणि म्हणायचे, दगडानेच जागा बदलली.” मला हे सांगितलंच नव्हतं ह्यांनी. की सांगितलं होतं, आणि मी मशीन चालवत ऐकलं नाही? चढाने जेवढा दम लागला त्याहून या बोलण्याने जास्त लागला.

दुसऱ्या शिखरावर पोचलो तेव्हा एकला दहा मिनिटं होती. तिसरं समोरच. मध्ये डोंगराची बारीक धार, तासाभराची वाट.

ती एका सपाट दगडावर बसली. “जा तुम्ही. धारेवर वाट एकच आहे, चुकणार नाही. मी इथून बघत राहते. ते तुमचं होऊ दे.”

म्हणजे तिला पहिल्यापासून कळलं होतं. आणि तरी आली.

पाठ फिरवून बसली होती. पाठीची मापं घेण्यात माझा जन्म गेला. रडणारी पाठ मला कळते.

“हे गेले त्या दिवशी तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“सहा दाढा भरल्या.”

मग म्हणाली, “पेशंट ठरलेले होते. रजा घेतली असती तर विचारलं असतं, तुमचे कोण? काय सांगणार होते? तुमच्याकडे महिनाभर माणसं येत होती, वहिनी. माझ्याकडे कोण येणार?”

तिसरं शिखर लख्ख दिसत होतं. ढग नाही, वारा नाही. पायही शाबूत होते.

“एक वाजला,” मी म्हणाले.

“तासभर इकडेतिकडे चालेल आज.”

“एक वाजला, डॉक्टर. उठा.”

दोघी उतरायला लागलो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारनंतर दुकान बंद ठेवलं. डॉक्टरांच्या घरी गेले. दार उघडून म्हणाल्या, “वहिनी? काही काम होतं?”

“काम नाही. भेटायला आले,” मी म्हणाले. “तुमचं माणूस गेलं, आणि मी आलेच नव्हते.”